‘कारले खात जा’ एवढे सांगून भागत नाही

प्रमेहाच्या रुग्णास आहार सांगताना आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : ‘कारले खात जा.’ रुग्णालाही ते अपेक्षितच असते. तो मान डोलावतो आणि आपण औषधांकडे वळतो. त्या तीन शब्दांचा घरी गेल्यावर काय अर्थ लावला जातो, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. ती केल्यास असे आढळते की, कोणी अनशापोटी पेलाभर कच्चा रस घेतो, कोणी औषधी दुकानातून रसाची बाटली आणतो, कोणी कारल्याच्या काचऱ्या कुरकुरीत तळून भाताबरोबर खातो, तर कोणाच्या घरी वाटीभर गूळ घातलेली भरली कारली आठवड्यातून तीनदा होतात. वैद्यांनी सांगितलेले पथ्य आपण पाळतो आहोत, अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत असते.

वास्तविक हे एकाच द्रव्याचे चार वेगवेगळे कल्प आहेत. क्वाथ सांगताना आपण पाणी किती, आटवून किती ठेवायचे, केव्हा घ्यायचा हे सर्व सांगतो. भस्म देताना गुंजेचा हिशेब करतो. मग कारल्याच्या बाबतीतच मात्रा, संस्कार आणि काल हे तिन्ही रुग्णाच्या मर्जीवर का सोडावेत? कारले सुचवणाऱ्या वैद्याने ते निवडावे कसे, ठेवावे कसे आणि शिजवावे कसे हेही चिकित्सापत्रावर लिहावे आणि कच्चा रस हा आहार नसून औषध आहे असे मानूनच त्याचा व्यवहार व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. औषधी दुकाने चालवणाऱ्या बांधवांचाही या विषयाशी आपल्याइतकाच संबंध आहे.

प्रथम ग्रंथांकडे पाहू. भावप्रकाशात कारवेल्लाचे वर्णन शाकवर्गात येते. ते तिक्त, लघु, भेदी आणि अवातल सांगितले असून ज्वर, पित्त, कफ, रक्तदुष्टी, पांडू, मेह आणि कृमी यांवर त्याचा उपयोग सांगितला आहे. (भावमिश्र ते शीत म्हणतात, तर अनेक आधुनिक द्रव्यगुणग्रंथ उष्णवीर्य मानतात. तो वाद येथे उकरून काढत नाही.) चरकाचार्यांनी प्रमेहचिकित्सेत तिक्त शाके सांगितली ती मुगासारख्या द्विदलांचे यूष आणि जुन्या शालीचा भात यांच्या सोबतीने. दोन्ही ठिकाणी शब्द ‘शाक’ आहे. शाक म्हणजे शिजवलेली, स्नेहाने संस्कारित केलेली, जेवणात अन्य पदार्थांसह घ्यावयाची भाजी. सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी घ्यावयाचा पेलाभर रस हा त्या शब्दाचा अर्थ होऊ शकत नाही.

‘अवातल’ हे विशेषण तर विशेष लक्ष देण्यासारखे आहे. तिक्त रस सामान्यतः वात वाढवतो, कारले त्यास अपवाद सांगितले आहे. हा अपवाद स्नेहासह सिद्ध केलेल्या शाकापुरताच घ्यावा, कच्च्या रसास तो लावू नये, असे मला वाटते. महिनोन्‌महिने रस पिणाऱ्या रुग्णांत पोटात मुरडा, पातळ मलप्रवृत्ती, अंग गळून जाणे, पिंडऱ्या दुखणे ही लक्षणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे पटावे. भेदी गुण त्या वेळी आपले काम करीतच असतो.

याच संदर्भात चरकांनी केलेला स्थूल-बलवान आणि कृश-दुर्बल प्रमेही हा भेद आठवावा. पहिल्यास शोधन, दुसऱ्यास बृंहण, हे सूत्र आपण विद्यार्थिदशेत पाठ केले. प्रत्यक्षात मात्र नव्वद किलोचा व्यापारी आणि अडतीस किलोची, इन्सुलिन घेणारी वृद्धा या दोघांनाही आपण एकाच सुरात कारले सांगून मोकळे होतो. त्या वृद्धेला भाजीची दोन-चार फोडी रुचीपुरती चालतील. रस तिला सांगणे हे सूत्राच्या विरुद्ध जाणे आहे.

आता निवडीविषयी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सत्ताविसाव्या अध्यायाच्या अखेरीस त्याज्य शाकाची लक्षणे दिली आहेत : कीड लागलेले, वारा व ऊन यांनी मारलेले, सुकलेले, जून, अवेळी आलेले. आजच्या मंडईत कारले घेताना ही यादी जशीच्या तशी उपयोगी पडते. देठ हिरवा व ताजा असावा. पाठीवरचे उंचवटे ताठ असावेत, दाबल्यास फळ लवू नये. रंग एकसारखा हिरवा असावा. टोकाकडे पिवळी झाक आली असेल तर फळ पिकू लागले आहे असे समजावे. एखादे फळ एका बाजूस वाकडे होऊन तेथे बारीक छिद्र किंवा चिकट डाग दिसत असेल, तर ते बहुधा फळमाशीने डंख केलेले असते आणि आत अळी निघते. असे फळ वाकडा भाग कापून वापरण्याचा मोह गृहिणींना होतो, तो टाळण्यास सांगावे. घरी आणल्यावर एक कारले उभे चिरून बी पाहावे. पांढरे, नखाने सहज दबणारे बी असल्यास फळ कोवळे आहे. बी टणक झाले असून भोवतीचा गर लालसर दिसू लागला असेल, तर ते फळ औषधाच्या कामाचे नाही.

बियांबाबत येथेच एक सूचना. कारल्याच्या बियांत विसिन हा घटक आढळतो. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता आहे अशांत तो रक्तकणांचा नाश घडवू शकतो. ही कमतरता पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत तुलनेने अधिक आढळते, त्यामुळे महाराष्ट्रातील वैद्यास तिची जाणीव हवीच. बियांतील काही प्रथिने प्राण्यांवरील प्रयोगांत गर्भपातक ठरली आहेत. म्हणून गर्भिणीस कारल्याचा रस वा चूर्ण देऊ नये आणि भाजी करतानाही सर्वांसाठीच जून बिया काढून टाकाव्यात, हा नियम सरसकट सांगणे सोयीचे.

कोणत्या जातीचे कारले घ्यावे, हा प्रश्न रुग्ण क्वचित विचारतात, पण तो महत्त्वाचा आहे. भावमिश्रांनी कारवेल्ल आणि कारवेल्ली असे दोन प्रकार केले व लहान कारलीस विशेष दीपन आणि लघु म्हटले. आज बाजारात राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिलेले ‘हिरकणी’, ‘फुले ग्रीन गोल्ड’ यांसारखे वाण, दापोलीचा ‘कोकण तारा’ आणि खासगी कंपन्यांचे अनेक संकरित वाण येतात. फिकट पांढरट कारली सामान्यतः कमी कडू, गडद हिरवी व खरखरीत कारली अधिक कडू असतात. येथे एक फसगत होते. मंडईतील प्रत्येक लहान कारले ही कारवेल्ली नव्हे. लांब वाणाचे फळ वेळेआधी खुडले तरी ते लहानच दिसते, पण त्याच्या आत बी धरलेले नसते व गर पाणचट असतो. जातीनेच लहान असलेले कारले मध्यभागी फुगीर, दोन्ही टोकांना निमुळते असून त्यात बी पूर्ण धरलेले असते. पावसाळ्यात येणारी करटोली ही वेगळी वनस्पती, म्हणजे आपली कर्कोटकी. सोलापूर-मराठवाड्याकडील कडवंची हीदेखील वेगळीच. रुग्ण या तिन्हींना ‘छोटी कारली’ म्हणतात. भाजी म्हणून तिन्ही चांगल्याच आहेत, पण आपण लिहिताना नाव नेमके लिहावे.

साठवणीचे फार विवेचन करण्यासारखे नाही, तरी दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण त्या बहुतेकांना ठाऊक नसतात. कारले हे उष्ण हवेतील वेलीचे फळ आहे. त्यास दहा ते बारा अंश सेल्सियस इतकाच गारवा मानवतो. घरातील फ्रीजच्या वरच्या कप्प्यात चार-पाच अंशांवर ते काही दिवस राहिले की सालीवर खड्डे व काळसर डाग पडतात आणि बाहेर काढताच सडू लागते. म्हणून ते खालच्या भाजीच्या कप्प्यात, न धुता, कागदात किंवा कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवावे व तीन-चार दिवसांत संपवावे. दुसरी गोष्ट अशी की, पिकती केळी, सफरचंद, टोमॅटो यांच्या टोपलीत कारले ठेवू नये. त्या फळांतून निघणाऱ्या वायूने ते लवकर पिवळे पडते व फुटते. आठवड्याची कारली रविवारी आणून शनिवारपर्यंत रस काढणाऱ्या रुग्णास आपण शेवटच्या तीन दिवसांत नेमके काय देत असतो, याचा विचार व्हावा.

उन्हात वाळवलेल्या काचऱ्या ही जुनी घरगुती सोय आहे. वर्षातून काही वेळा तोंडीलावणे म्हणून तिला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु वाळलेली शाके गुरुत्वामुळे नित्य सेवन करू नयेत, असे चरकांनी मात्राशितीय अध्यायात सांगितले आहे. त्या काचऱ्या पुन्हा तेलात तळल्या की ‘लघु’ या विशेषणाचे काय उरते?

पाककृतीचा प्रश्न मात्र विस्ताराने घेतला पाहिजे, कारण आपल्या व्यवसायबंधूंतच त्याविषयी दोन तट आहेत. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत कारल्याच्या चकत्या मीठ लावून अर्धा तास ठेवतात, सुटलेले पाणी पिळून टाकतात आणि मग फोडणीस घालतात. एका तटाचे म्हणणे असे की, पिळलेल्या पाण्याबरोबर औषधच मोरीत जाते, म्हणून न पिळता, सालीसकट, शक्यतो कच्चेच खावे. हा विचार ऐकायला सुसंगत वाटतो आणि हल्लीच्या आरोग्यविषयक सदरांतून तो वारंवार मांडला जातो. ग्रंथाधार मात्र दुसऱ्या बाजूस आहे. शाक हे वाफवून, रस पिळून काढून, भरपूर स्नेहासह सिद्ध केलेले प्रशस्त, असा दंडक चरकांनी घालून दिला आहे. स्नेहावाचून शिजवलेले आणि न गाळलेले शाक तर त्यांनी त्याज्य ठरवले आहे. हा नियम प्रामुख्याने गुरू व रूक्ष शाकांस उद्देशून आहे, कारले लघु असल्याने त्यास तो लागू नाही, असा आक्षेप घेता येईल. तो मी अंशतः मान्य करतो. परंतु कारले रूक्ष आहे, भेदी आहे आणि नित्य आहारात घ्यायचे आहे. तेव्हा या नियमाचा गाभा त्यास लागू पडतोच.

यातून मी जो मध्यम मार्ग रुग्णांना सांगतो तो असा. पिळण्याची तीव्रता रुग्णाप्रमाणे बदलावी. स्थूल, बलवान, उत्तम अग्नीच्या कफप्रधान प्रमेहीने मीठ न लावता चकत्या थेट वाफवाव्यात. मध्यम बलाच्या रुग्णाने हलके मीठ लावून दहा मिनिटांत हाताने एकदा दाबून पाणी काढावे. कृश, वातप्रधान, मृदुकोष्ठी रुग्णाने मात्र आजीच्या पद्धतीप्रमाणे चांगले पिळून, एक पाणी बदलून, तेल-तूप मोकळेपणाने घालून भाजी करावी. उच्च रक्तदाबाच्या रुग्णास मिठाचे पाणी काढल्यावर चकत्या साध्या पाण्यात धुण्यास सांगावे, नाहीतर एका पथ्याने दुसरे मोडते.

शिजवताना कढईवर खोलगट ताटली ठेवून तीत पाणी घालावे आणि मंद आचेवर भाजी स्वतःच्या वाफेत होऊ द्यावी. ही पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे आणि कारल्यासाठी तिच्याइतकी चांगली दुसरी नाही. फोडणीस मोहरी, जिरे, हिंग, हळद, कढीपत्ता. आंबटपणासाठी आमसूल उत्तम, चिंचेचा कोळ थोडा. गोव्याकडे कारात्यांची किसमूर करतात, म्हणजे तळलेल्या बारीक फोडींत ओले खोबरे मिसळतात. ती रुचकर असते, पण तळलेल्या फोडी प्रमेहीने बेताने घ्याव्यात. आणि गूळ? येथे थोडा स्पष्टपणा हवा. भरल्या कारल्यांत दाण्याचे कूट, सुके खोबरे, तीळ आणि लिंबाएवढ्या गुळाचा खडा जातो, तेव्हा तो पदार्थ सणावाराचा आहे, पथ्याचा नाही. वाटाण्याएवढा गूळ तिखट-मिठाची चव जुळवण्यापुरता असल्यास मी हरकत घेत नाही, कारण भाजी मुळीच घशाखाली न उतरणे हे अधिक वाईट. कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडूच, अशी म्हण आहे. स्वभावाच्या बाबतीत ती खरी असेल. स्वयंपाकाच्या बाबतीत मात्र तूप आणि साखर यांनी कारल्याचे कर्म पुरते बदलते, हे रुग्णास समजावून सांगावे लागते.

मात्रा म्हणाल तर शिजलेली अर्धी ते पाऊण वाटी भाजी, आठवड्यातून तीन वेळा, दुपारच्या जेवणात, भाकरी व मुगाच्या वरणाबरोबर. याहून अधिकाची गरज मला सहसा पडलेली नाही.

शिजवल्याने सर्व गुण नष्ट होतात, हा समज आधुनिक अभ्यासानेही खरा ठरत नाही. १९८१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. इन्सुलिनवर अवलंबून नसलेल्या नऊ मधुमेही रुग्णांत कारल्याच्या जलीय अर्काने ग्लुकोज चाचणीतील साखर लक्षणीय कमी झाली. तसेच रोजच्या आहारात तळलेले कारले दिल्यावरही थोडी, परंतु निश्चित सुधारणा दिसली. नऊ रुग्णांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, हे खरे. तरीही शाकाचे काम सौम्य व संथ, रसाचे तीव्र व तत्काळ, ही आपली कल्पना या निरीक्षणाशी जुळते. औषध म्हणून तीव्रता कधी हवीही असते. मात्र मग तिच्याबरोबर औषधाची सर्व बंधने येतात.

या बंधनांचा विसर पडला की काय होते, याचे एक उदाहरण माझ्या दवाखान्यातले. साठीचे एक निवृत्त गृहस्थ ग्लिमेपिराइडची गोळी नियमित घेत होते. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी सकाळी गोळीबरोबर पेलाभर कारल्याचा रस सुरू केला आणि ‘रस पचावा’ म्हणून न्याहारी तासभर लांबवली. आठव्या दिवशी फिरून परत येताना दरदरून घाम, हातांस कंप, डोळ्यांपुढे अंधारी. मुलाने घरच्या यंत्रावर तपासले तेव्हा साखर बावन्न होती. साखरपाणी दिल्यावर ते सावरले. रसाची बाटली ज्या दुकानातून आणली होती तेथे त्यांना ‘आणखी कोणती गोळी चालू आहे का’ असे कोणीही विचारले नव्हते. हे एकट्यादुकट्याचे नवल नाही. क्लोरप्रोपामाइड घेणाऱ्या एका स्त्रीत कारल्याच्या कालवणामुळे औषधाचा परिणाम वाढल्याची नोंद लॅन्सेटमध्ये १९७९ सालीच झालेली आहे. तेथे तर कारले शिजवलेले होते.

मात्रेचे पाहा. शार्ङ्गधरांनी स्वरसाची मात्रा अर्धे पल, म्हणजे सुमारे चोवीस मिलिलिटर सांगितली, आणि तीही स्वरस गुरू असतो म्हणून कमी केलेली. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात कारवेल्लकाच्या ताज्या फळाच्या रसाची मात्रा दहा ते पंधरा मिलिलिटर आहे. पेला दोनशे मिलिलिटरचा असतो! औषध म्हणून विचार केला तर रुग्ण औषधिकोशातील मात्रेच्या तेरा ते वीस पट रस घेत आहे. तेवढ्यासाठी तीन-चार कारली कच्चीच, पुष्कळदा बियांसकट व फवारणीचे अवशेष नीट न धुता, मिक्सरमध्ये जातात. शिवाय स्वरसाची व्याख्याच ताज्या, अविकृत द्रव्याचा तत्काळ कुटून वस्त्रगाळ केलेला रस अशी आहे. परिरक्षक घालून वर्षभर टिकवलेल्या बाटलीतील द्रवास फार तर कारल्याचे पेय म्हणता येईल. त्यास स्वरस म्हणणे आणि स्वरसाचे गुण चिकटवणे हे शास्त्राशी प्रतारणा करण्यासारखे आहे.

दुधी आणि कारले यांचा मिश्र रस हा प्रकार तर सरळ धोक्याचा आहे. २०१० साली दिल्लीत एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाचा असा मिश्र रस घेतल्यानंतर मृत्यू झाला. दुधी क्वचित विषारी कडू निघतो, त्यातील कुकुरबिटासिन वर्गातील द्रव्ये घातक असतात. एरवी जिभेला लागलेला कडूपणा हीच धोक्याची सूचना असते, पण कारले मिसळल्यावर ती सूचना कशी कळणार? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने त्यानंतर दुधीचा तुकडा आधी चाखून पाहावा, कडू असल्यास टाकून द्यावा आणि दुधीच्या रसात अन्य रस मिसळू नये, असे सुचवले. तरीही उद्यानांबाहेर पहाटे हा मिश्र रस विकणाऱ्या गाड्यांभोवती आजही गर्दी असते, आणि त्या गर्दीतील अनेकांना वाटते की हा वैद्यांचाच सल्ला आहे. आपण तो दिलेला नाही, हे मोठ्याने सांगण्याची जबाबदारी आपलीच आहे.

बाटल्यांवरील ‘वनस्पतिज इन्सुलिन’ या शब्दप्रयोगाविषयीही लिहिले पाहिजे. १९८१ साली जयपूरच्या खन्ना आणि सहकाऱ्यांनी कारल्यातून पॉलिपेप्टाइड-पी हे द्रव्य वेगळे केले, हे खरे. परंतु त्याची परीक्षा त्वचेखाली सुई देऊन केलेली होती. तोंडावाटे घेतलेले असे पेप्टाइड जठरात पचून जाण्याचीच शक्यता अधिक. एकूण पुराव्याचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेने २०१२ साली चार चाचण्या व ४७९ रुग्ण एकत्र पाहून मधुमेहात कारल्याची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. आपल्यापैकी काहींना हे रुचत नाही. त्या चाचण्यांत आपल्या पद्धतीचे शाक नव्हते, प्रकृती व बल यांचा विचार नव्हता, हा युक्तिवाद योग्य आहे आणि मीही तो करतो. मात्र त्या युक्तिवादाने बाटलीची किंवा कॅप्सूलची बाजू बळकट होत नाही. तपासले गेले होते ते बहुतांशी तसलेच कल्प.

औषधी दुकानदार बांधवांसाठी दोन शब्द. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या परिशिष्टात मधुमेहाचा समावेश आहे, त्यामुळे ‘मधुमेह मुळापासून बरा’ असा फलक गल्ल्यावर लावणे बेकायदेशीर ठरते, मग तो फलक कंपनीनेच पाठवलेला का असेना. कारल्याचे चूर्ण स्वतः तयार करून विकणाऱ्यांनी वाळलेल्या चकत्या घेताना मूठभर माल पांढऱ्या कागदावर पसरून पाहावा. नारिंगी-पिवळे तुकडे, लाल गराचे कण व टणक बिया अधिक दिसल्यास विक्रीतून उरलेली, पिकलेली फळे वाळवलेली आहेत असे समजावे आणि माल परत करावा. भाव थोडा अधिक पडला तरी चालेल.

यापुढे प्रत्यक्ष काय करावे? मी माझ्यापुरती पोस्टकार्डाएवढी छापील चिठ्ठी केली आहे. तिच्या एका बाजूस कारले कसे निवडावे, किती दिवस ठेवावे, किती पिळावे, भाजीची मात्रा व वेळ, एवढेच आहे. पिळण्याच्या तीन प्रकारांपैकी रुग्णास लागू असलेल्यावर मी पेनाने खूण करतो. दुसऱ्या बाजूस ठळक अक्षरांत, साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असल्यास, गर्भारपण असल्यास, रस विचारल्याशिवाय घेऊ नये, दुधीच्या रसात मिसळू नये, आणि घाम-कंप-अंधारी आल्यास तत्काळ साखर घ्यावी, असे आहे. ज्यांना मी स्वतः रस देतो त्यांना मोजमापाच्या झाकणाने पंधरा मिलिलिटर, न्याहारीच्या वेळी, जास्तीत जास्त सहा आठवडे, असे लिहून देतो. पहिले दोन आठवडे घरी साखर तपासून लिहून आणण्यास सांगतो आणि त्यांच्या ॲलोपॅथिक डॉक्टरांना तसे कळवतो. कळवण्यात कमीपणा वाटण्याचे काहीही कारण नाही. बहुतेक डॉक्टर गोळीची मात्रा तपासून उत्तर देतात.

एका परिचित दुकानदारांचा आक्षेप असा की, ग्राहकाला प्रश्न विचारत बसलो तर तो शेजारच्या दुकानात जाऊन तीच बाटली घेईल. आक्षेप रास्त आहे. एकट्याने विचारून भागणार नाही, गावातील सर्वांनी विचारले तरच उपयोग होईल. म्हणून ‘कोणती गोळी चालू आहे, वजन घटते आहे का, दिवस गेले आहेत का’ हे तीन प्रश्न असलेला एकच फलक संघटनेतर्फे छापून सर्व सभासद दुकानांत लावावा आणि उत्तर ‘होय’ असल्यास रसाची बाटली वैद्याच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये, अशी लेखी सूचना मी आमच्या जिल्हा शाखेकडे दिली आहे. पुढील त्रैमासिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घेण्यात आला असून, फलकाचा मसुदा सभासदांनी तेथे पाहून त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात.